डागडुजी : सिंकखालचं पाणी येतं तरी कुठून?

या खेपेचं टपाल उघडलं तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कपाटातली निघाली, सिंकखालच्या. त्यामुळे कुरकुरणारी दारं नि अडकणाऱ्या कड्या पुढच्या अंकात. आज फक्त पाणी.

प्रश्न : काका, आमच्या सिंकखालच्या कपाटात चार महिने झाले पाणी साचतंय. प्लंबर तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा नळाचा कनेक्शन पाइप बदलला, मग बॉटल ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारी बाटली), मग वेस्ट पाइप. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा मागच्या डाव्या कोपऱ्यात ओल. सकाळी पाहावं तर कपाट कोरडं असतं, रात्रीची भांडी घासून झाली की पाणी. प्लायवूड फुगून दार लागेनासं झालंय. आता सिंकसकट सगळं बदलून टाकायचं का?

उत्तर : नका बदलू, ताई. जे बदललंत त्यातलंही बहुतेक बदलायची गरज नव्हती असं मला वाटतं.

‘सकाळी कपाट कोरडं असतं’ हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच. गळती कुठे आहे हे शोधायला सगळे धावतात. ती कधी होते हे कुणी विचारत नाही, आणि पाणी तर त्याच प्रश्नाचं उत्तर खरं देतं.

सिंकखाली दोन स्वभावांचं पाणी असतं. एक येणारं. भिंतीतल्या अँगल कॉकपासून, म्हणजे सिंकखालच्या पाणी बंद करायच्या छोट्या नळापासून, कनेक्शन पाइपातून नळाच्या पोटापर्यंत ते दिवसरात्र दाबाखाली उभं असतं. त्या वाटेवर फट असेल तर तुम्ही झोपलात म्हणून ते थांबत नाही, रात्रभर ठिबकत राहतं आणि सकाळी कपाटात तळं दिसतं. दुसरं जाणारं. जाळीतून वेस्ट पाइपात, तिथून ट्रॅपमधून भिंतीत किंवा जमिनीत. त्याला दाब नसतो, नुसता उतार असतो. सिंकमध्ये पाणी सोडलं तरच ते वाहतं, आणि गळायचं तर बहुतेक तेव्हाच गळतं.

तुमचं कपाट सकाळी कोरडं. म्हणजे येणाऱ्या पाण्याची वाट जवळपास निर्दोष सुटली. (‘जवळपास’ अशासाठी की अगदी बारीक पाझर असेल तर रात्रीतून वाळूनही जातो. एकदा झोपताना पाइपाच्या दोन्ही टोकांना टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. वाळला तरी कागदावर सुरकुती नि डाग राहतो.) पहिल्या खेपेला बदललेला कनेक्शन पाइप फुकट गेला तो इथे.

पण मग प्लंबरला तो ओला का दिसला? या प्रश्नावर थोडं थांबू, कारण तुमच्या चार महिन्यांचं कोडं त्यात आहे. येणारं नि जाणारं या दोघांच्या मध्ये पाण्याचा एक तुकडा राहतो, नळाच्या आत जिथे पाणी बंद होतं तिथून चोचीपर्यंतचा. नळ उघडल्यावरच तिथे पाणी येतं, पण ते येणाऱ्याच बाजूचं. तुमच्या नळाची चोच डावी-उजवीकडे फिरत असेल तर तिच्या बुडाशी रबराच्या ओ-रिंग असतात. त्या झिजल्या की नळ चालू असताना बुडातून पाणी सुटतं. त्यातलं काही वर ओट्यावर दिसतं. नळाच्या भोकातून खाली उतरतं ते दिसत नाही. ते नळाच्या दांड्यावरून कनेक्शन पाइपावर येतं, पाइपाला चिकटून सरकत सर्वांत खालच्या वळणापर्यंत जातं आणि तिथून ठिबकतं. प्लंबरला पाइप ओला दिसला, त्यांनी पाइप बदलला. पुढच्या वेळी थेंब ट्रॅपवर पडताना दिसला, ट्रॅप बदलला. तिसऱ्या वेळी वेस्ट पाइप ओला. त्यांनी डोळ्यांना दिसलं तेच केलं. फक्त पाणी ज्या जिन्याने खाली आलं, त्याच्या वरच्या पायरीपर्यंत कुणी गेलं नाही.

अर्थात हा माझा पत्रावरून बांधलेला अंदाज. सिंक तुमचं आहे, पडताळा तुम्हीच घ्या. पाना लागणार नाही.

आधी कपाट पूर्ण रिकामं करा. आत वॉटर प्युरिफायरचा किंवा कसलाही प्लग असेल तर बटण बंद करून काढून ठेवा. ओल्या कपाटात हात घालण्याआधीचं हे काम विसरू नका. मग वरून खाली सगळं पुसा : सिंकचं बूड, नळाचा दांडा, पाइप, चेकनट (खालून आवळलेला नट), ट्रॅप, मागची भिंत. अर्धा तास उघडं ठेवा, पुन्हा एकदा पुसा. कपाटाच्या तळाला कोरडं वर्तमानपत्र अंथरा. त्यावर पडलेला एक थेंबही लगेच डाग दाखवतो, आणि डागाच्या सरळ वर पाहिलं की निदान शेवटची पायरी तरी कळते.

आता नळाला हात न लावता न्हाणीघरातून बादलीभर पाणी आणा. तांब्याने सिंकच्या मधोमध, कडांना न लावता हळूहळू ओता. खाली कुणाला तरी विजेरी घेऊन बसवा. इथे ठिबकलं तर दोष जाणाऱ्या बाजूला, नळ निर्दोष. नाही ठिबकलं तर जाळी बंद करून सिंक पाऊण भरा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. आता पाणी फक्त जाळीच्या सांध्यावर, म्हणजे वेस्ट कपलिंगवर उभं आहे. ट्रॅपमध्ये कायम राहतं तेवढं पाणी सोडलं तर बाकी पाइप रिकामे. कपलिंगच्या कडेला बोट फिरवून पाहा. मग झटक्यात जाळी उघडा. सगळं पाणी एकदम खाली जाताना वेस्ट पाइप नि ट्रॅप काठोकाठ भरतात. तांब्याच्या बारीक धारेला दाद न देणारा सांधा या लोंढ्याला हमखास दाद देतो. रात्रीची भांडी झाली की पाणी, दिवसभर नाही, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी ही चाचणी चुकवू नये.

इथवर कागद कोरडा राहिला तर सिंकमध्ये रिकामी बादली ठेवा आणि नळ तिच्यात पूर्ण सोडा. सिंकमधून काहीच खाली जात नाहीय, त्यामुळे आता जे ठिबकेल ते नळाचं. चोच सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मागे हात घालून नळाच्या दांड्याला बोटांची मागची बाजू लावा. तळव्यापेक्षा तिथे गार ओल लवकर कळते.

माझा अंदाज खरा निघाला तर दुरुस्ती किरकोळ आहे. अँगल कॉक बंद करायचे, नळ उघडून उरलेलं पाणी काढायचं, चोचीच्या बुडाचा बारीक स्क्रू किंवा नट सोडवून चोच वर ओढायची. आत एक किंवा दोन काळ्या रिंगा दिसतील. त्या सोबत नेऊन तंतोतंत त्याच जाडीच्या नि त्याच घेराच्या आणा. ‘साधारण तेवढीच’ रिंग म्हणजे महिन्याभराने पुन्हा मला पत्र. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. खाण्याचं तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, काही जातीचं रबर त्याने फुगून मऊ पडतं.

सतराव्या वर्षी मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, ते पिशवीतून पान्याच्या आधी चिंधी काढायचे. सगळं पुसून मला सिंकखाली बसवायचे आणि स्वतः दुसऱ्या खोलीत काम बघायला जायचे. एकदा कंटाळून मी समोर दिसणारा नट पाऊण फेरा आवळला. ठिबकणं थांबलं. मी खूश. मिस्त्री आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “माग पुसलास.” दुसऱ्या दिवशी त्याच घरी पुन्हा जावं लागलं. मी आवळलेला नट बरोबरच होता, वरून येणाऱ्या थेंबाने त्याच्याभोवती फक्त वळसा घ्यायचं सोडून दुसरी वाट धरली होती. तेव्हापासून थेंब जन्मताना डोळ्यांनी दिसेपर्यंत मी काही आवळत नाही. तुमच्याकडे कुणी आलं तर त्यांनाही आवळू देऊ नका.

तिन्ही चाचण्यांत कागद कोरडाच राहिला तर राहते सिंकची कड. ती माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट आहे, सांगायला लाज वाटते पण सांगतो. अडतीस वर्षं लोकांच्या गळत्या काढल्या आणि आमच्याच सिंकखाली टब ठेवायची पाळी आली. कपलिंग दोनदा खोललं, वॉशर बदललं, काही फरक नाही. शेवटी बायको म्हणाली, “भांड्यांची जाळी भरलेली असते त्याच दिवशी होतं हो.” निथळणाऱ्या भांड्यांचं पाणी ओट्यावरून मागच्या कडेला जात होतं आणि तिथलं फट बुजवणारं सिलिकॉन बोटभर सुटलं होतं. कडेवरून चमचा चमचा पाणी सोडून पाहिलं, तिसऱ्या चमच्याला खाली थेंब. ‘कधी’ हा प्रश्न मी जगाला विचारत फिरलो, घरात तिने विचारला.

कड सुटली असेल तर जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, जागा कोरडी ठणठणीत करा आणि मगच नवं भरा. जुन्यावर नवं चिकटत नाही. भरल्यावर निदान एक दिवस तिथे पाणी नको.

प्रश्न : मी स्वतः नवीन वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप बसवला. सगळ्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, पान्याने घट्ट आवळलं. तरी ट्रॅपच्या वरच्या नटातून पाणी येतं. जितकं आवळतो तितकं जास्त येतं! असं कसं?

उत्तर : तुमच्या उद्गारचिन्हातला वैताग पोचला. चूक तुमच्या ताकदीची आहे, हाताची नाही.

टेफ्लॉन टेप लागते ती आटीवरच पाणी अडवायचं असतं तिथे. उदाहरणार्थ, अँगल कॉक भिंतीतल्या सॉकेटमध्ये फिरवून बसवतो तिथे. तिथेही ती आटीच्या दिशेने गुंडाळायची : आटीचं तोंड तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलट गुंडाळलेली टेप बसवतानाच उलगडून गोळा होते. कनेक्शन पाइपाच्या टोकाला मात्र आत रबराचं वॉशर असतं. बॉटल ट्रॅपच्या नटातही वॉशरच असतं. अशा ठिकाणी पाणी अडवतं ते वॉशर, नट त्याला फक्त दाबून धरतो. आटीवर टेपचे थर चढवले की नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो टेपवर अडकलेला असतो. वॉशरपर्यंत दाब पोचतच नाही. ती सगळी टेप काढून टाका.

मग नट सोडवून वॉशर बाहेर काढा आणि तीन गोष्टी बघा. उतरत्या कडेचं वॉशर असेल तर त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडात जायला हवी. घाईत ते उलटं बसतं, आणि बहुतेकदा दुखणं तेच असतं. दुसरं, वॉशर एका बाजूला दुमडलं किंवा चिरलं आहे का. पान्याने आवळत गेलात तेव्हा ते पिळवटून बाहेर आलं असणार, म्हणून ‘जितकं आवळतो तितकं जास्त’. तिसरं, नट तिरका चढलाय का. प्लॅस्टिकचा नट आटीवर ठेवून आधी उलटा फिरवा, ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन तो आटीत बसतो, मग सुलटा. हाताने जितका जाईल तितका, आणि वर पान्याने फार तर पाव फेरा. पाना मोठा घेतला की प्लॅस्टिकच्या नटाला बारीक चीर जाते, ती डोळ्यांना दिसतही नाही, आणि मग माणूस आठवडाभर वॉशरला शिव्या देत बसतो.

वेस्ट पाइप ट्रॅपमध्ये किती आत गेलाय हेही पाहा. जेमतेम टेकलेला असेल तर वॉशर पाइपाच्या तोंडावर येतं आणि धरायला जागा उरत नाही. नटापलीकडे निदान दोन-तीन सेंटिमीटर तरी पाइप आत हवा. आखूड पडत असेल तर ओढून पुरवू नका, लांब पाइप घ्या. ताणलेला सांधा आज बसतो, उद्या सुटतो.

प्रश्न : आमच्या अँगल कॉकवर आणि पाइपावर दमट दिवसांत सतत थेंब असतात. खाली थोडं पाणीही पडतं. प्लंबरला एकही गळका सांधा सापडला नाही. तो खोटं बोलत असेल का?

उत्तर : नाही, बिचारा खरं बोलतोय. गार पाण्याच्या थंड धातूवर दमट हवेतली वाफ थंड होऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसाच.

ओळखायची खूण सोपी आहे. घामाचे थेंब सगळ्या अंगावर सारखे असतात, पाइपाच्या वरच्या बाजूलाही, आणि जिथे एकही सांधा नाही अशा मधल्या तुकड्यावरही. गळतीचं पाणी सांध्याच्या खालीच असतं, वरचा भाग कोरडा. शंका राहिली तर अँगल कॉकच्या सांध्याच्या थोडं वर आणि थोडं खाली अशा टिश्यूच्या दोन पट्ट्या बांधून तासभर थांबा. दोन्ही सारख्या ओल्या झाल्या तर घाम. पाइपाला फोमचं आवरण घाला, कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवा. बाकी काही करू नका.

प्रश्न : थंड पाण्याने काही होत नाही, पण पातेल्यातलं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतलं की खाली ठिबकतं. पाच मिनिटांनी आपोआप बंद!

उत्तर : तुमचा वेस्ट पाइप प्लॅस्टिकचा असणार. गरम झाला की तो प्रसरण पावतो, मऊ होतो, आणि वॉशर जुनं, कडक असेल तर त्याच्या कडेला क्षणभर फट पडते. निवला की पुन्हा बसतो. वॉशर बदला, पण सवयही बदला. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतं आणि तुम्ही त्यावर १०० अंशाचं पाणी ओतताय. आधी थंड पाण्याचा नळ सोडा, मग त्या धारेतच पातेलं रिकामं करा. आणि चाचणी घेताना हे लक्षात ठेवा : तुमची गळती गार पाण्याने शोधून कधीच सापडणार नाही. गरम पाण्यानेच शोधा. फक्त खाली बसणाऱ्याचा चेहरा पाइपाखाली नको.

प्रश्न : सेकंदाला एखादा थेंब पडतो, खाली भांडं ठेवलंय. घाई करायची का?

उत्तर : दिवसाचे सेकंद ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी झालं. भांडं केवढं आहे ते तुम्हीच पाहा. आणि रात्रंदिवस सारखंच पडत असेल तर ते येणाऱ्या बाजूचं. अशा वेळी आजच अँगल कॉक बंद करा. थेंब थांबला तर दोष कॉकच्या पुढे, नाही थांबला तर कॉकमध्येच किंवा त्याच्या मागे भिंतीत.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत ‘आधी अँगल कॉक बंद करा’. केला. तो नीट बंद झाला नाहीच, उलट आता त्याच्या मुठीखालून पाणी येतंय. आधी एक गळती होती, आता दोन. याला जबाबदार कोण?

उत्तर : निम्मा मी. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जोर लावून बंद करू नये हे मी तेव्हा लिहायला हवं होतं. माफ करा.

तुमचा कॉक जुन्या पद्धतीचा, अनेक फेरे फिरणारा असावा. त्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणारं पॅकिंग असतं. कॉक बरीच वर्षं एकाच जागी राहिला की ते वाळतं, आणि एकदम फिरवलं की दांड्याची पकड सोडतं. मूठ काढा, खाली दांड्याभोवती एक छोटा नट दिसेल, त्याला ग्लँड नट म्हणतात. त्याला पाव फेऱ्याच्या निम्म्याइतकंच आवळा, थांबा, पुसा, पाहा. थांबलं नाही तर आणखी तेवढंच. बहुतेक वेळा इथे भागतं. मूठ फिरवायला जड जाऊ लागली तर जास्त आवळलंत, थोडं मागे घ्या. पाव फेऱ्यात उघडबंद होणारा नवा कॉक असेल तर त्यात हा नट शोधत बसू नका, तो आख्खा बदलावा लागतो.

कॉक पूर्ण बंद होत नाही ते आत क्षार धरल्यामुळे किंवा आतलं वॉशर झिजल्यामुळे. जोर न लावता अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं काही वेळा करून पाहा. तरी नाही जमलं तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह किंवा टाकीचा कॉक बंद करून हा बदलून घ्या, आणि त्यासाठी कुणाला तरी बोलवा. भिंतीतलं सॉकेट जुनं असेल तर कॉक काढताना आटी तुटून आतच राहते, ते काम पत्रावरून शिकवण्यातलं नाही.

राहिली तुमची पहिली गळती. कशी होते, कधी होते, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.